कूलरपुढची चप्पल

नीलेशला शॉक बसला तेव्हा त्याच्या हाताला आमरसाचा वास होता. रविवारचं जेवण झालं होतं. हात नुसते नळाखाली धरून, न पुसताच तो पुढच्या खोलीत आला होता. कूलरच्या पट्ट्या दिवाणाकडे वळवाव्यात आणि तासभर आडवं व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती. ओली बोटं पत्र्याला टेकली आणि कोपराच्या हाडावर कोणीतरी आतून हातोडी घातली. हात आपोआप मागे फेकला गेला आणि तो दिवाणावर बसला. बसला कसला, दिवाण तिथे होता म्हणून जमिनीवर पडला नाही. म्हटलं तर काहीच झालं नव्हतं. कूलर तसाच घरघरत होता. वाळ्याच्या पडद्यांचा ओला वास येत होता. आतल्या खोलीत बायको भूमिका आणि लेक मयुरी दुपारच्या झोपेत होत्या, आणि धुळ्यातल्या देवपुरातली मे महिन्याची दुपार खिडकीबाहेर पांढरीफटक पडली होती. फक्त त्याचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता आणि तो त्याला आपला वाटत नव्हता. आपल्याला शॉक बसला, हे वाक्य त्याच्या मनात तयार होत होतं आणि पुरं व्हायच्या आत मोडत होतं. कारण शॉक लोकांना बसतो. त्याला बसत नाही. तो विजेच्या कंपनीत संरक्षण आणि चाचणी विभागात इंजिनिअर होता. धुळ्यापासून वरणगावपर्यंतच्या उपकेंद्रांत बिघाड झाला की तो त्या यंत्रणेला कळला का, वेळेवर कळला का आणि नसेल तर का कळला नाही, हे शोधायला त्याला बोलावत. एवढी वर्षं भल्यामोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या अंगाखांद्यावर काम करून त्याला साधं खरचटलंही नव्हतं. आणि आज घरच्या कूलरने, जळगावहून टेम्पोत घालून आणलेल्या पत्र्याच्या कूलरने, त्याला दिवाणावर बसवलं होतं.

मग दुसरा धक्का बसला. तो बोटांना नव्हता आणि पहिल्यापेक्षा वाईट होता. स्विच का पडला नाही? घर बांधलं तेव्हा बोर्डात गळती ओळखणारा स्विच त्याने स्वतः उभं राहून बसवून घेतला होता, तो तपासणीसाठी टी लिहिलेल्या बारक्या बटनाचा. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना त्याने तो देवघराच्या आधी दाखवला होता. किती साधी गोष्ट आहे, असं तो तेव्हा सांगत होता. एका तारेने जेवढी वीज घरात जाते तेवढीच दुसऱ्या तारेने परत यायला हवी. परत येताना कमी भरली, तर मधे कुणाच्या तरी अंगातून ती जमिनीत गेली, आणि हा पठ्ठ्या डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरलाही हाच हिशेब, फक्त आकार वेगळा. आत्ता त्याच्या अंगातून गेलेली वीज परत आलेली नव्हती. तरी पठ्ठ्या गप्प होता. नीलेश बंद नसलेल्या पंख्याकडे, बंद नसलेल्या कूलरकडे बघत राहिला.

कूलरसमोर फरशीवर रबरी चप्पल होती. निळ्या पट्ट्यांची, त्याच्या वडिलांच्या, आबांच्या मापाची, टाचेशी झिजलेली. ती महिनाभर तरी तिथेच होती. येता-जाता त्याने ती पायाने बाजूला सारली होती, एकदा तर चिडून दाराबाहेर ठेवली होती, आणि संध्याकाळी ती पुन्हा कूलरपुढे, नेमकी तिथेच, बोटं कूलरकडे करून. या घरात वस्तू जागच्या जागी राहत नाहीत, असं तो भूमिकाला बोललाही होता. ती काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली होती? तो मोबाइलवर होता. आता ती चप्पल त्याच्याकडे बघत असल्यासारखी वाटली आणि ती तिथे का आहे हे त्याला एकदम, एका घासात कळलं. खानदेशात कोणत्याही गल्लीत कोणत्याही घरी उन्हाळ्यात जा, कूलर जरा करंट मारतो, चप्पल घालून हात लावा, असं पाहुण्याला पाण्याचा पेला देता देता सांगतात. जिना जरा चढा आहे, जपून या, हे जसं सांगतात तसंच. त्याने हे साइटवरच्या किती भाषणांत हसून सांगितलं होतं. लोक हसायचे. आणि त्याच्या घरात चप्पल होती. म्हणजे भूमिकाला माहीत होतं. आबांना माहीत होतं. मयुरीलाही माहीत होतं. अरे, मयुरी! ती रोज खेळून आली की त्या नावेएवढ्या चपलेत पाय घालून कूलरच्या जाळीला तोंड लावायची आणि आऽऽ करायची. पंख्याने आवाज कापत यायचा आणि ती खिदळायची. तो दिवाणावरून बघायचा. पोरीचे ओठ आणि पत्र्याची जाळी यांच्यात बोटभर अंतर असायचं.

काही नाही होत, असं कोणीतरी म्हणालं होतं. फोनवर, घाईत, जरा वैतागून. कोण म्हणालं होतं ते शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. भुसावळच्या पलीकडे केळीच्या पट्ट्यात नवा ट्रान्सफॉर्मर पहिल्यांदा चार्ज करायचा होता. नारळ फुटला होता, हळदकुंकू लागलं होतं, सगळे कुंपणाच्या अलीकडे सरकले होते आणि तो नव्या मुलांना समजावत होता. घाबरायचं नाही. पहिल्यांदा वीज सोडली की हे धूड असं हादरतं, एवढा करंट ओढतं की काहीतरी फुटलं असं वाटावं. पण तो बिघाड नाही, त्याला इनरश म्हणतात. झोपलेल्या माणसाला हलवून उठवलं तर तो दचकतो ना, तसं. जरा वेळाने आपोआप शांत होतो. रिलेला, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडायला लावणाऱ्या यंत्राला, हेच कळायला हवं, की दचकणं वेगळं आणि दुखणं वेगळं. दचकण्यावर रोज बत्ती घालवली तर लोक चपलेने मारतील, आणि दुखण्याला दचकणं समजून गप्प बसलं तर ट्रान्सफॉर्मर जाईल. मुलं माना डोलावत होती. वाक्य त्याचं त्यालाच आवडलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. भूमिका. "अहो, कूलर लावला की स्विच पडतोय. सकाळपासून तिसऱ्यांदा." आणि तो म्हणाला, "मोटर आहे ती. सुरू होताना पाच-सहापट करंट ओढते. इनरश असतो. फॉल्ट नाही काही." ती म्हणाली, "पण आबा म्हणतायत की—" आणि तो म्हणाला, "काही नाही होत गं. मी चार्जिंगला उभा आहे." मग ब्रेकर लागला, ट्रान्सफॉर्मर हादरला, गुरगुरला, हळूहळू आवाज बसला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही.

कोणता स्विच? एवढंच विचारायचं होतं. बिघाडाचा फोन आला की आधी विचारायचं, काय पडलं? हा धडा तो स्वतः देतो, पहिल्या दिवशी देतो. जास्त करंट ओढला म्हणून पडणारा स्विच वेगळा आणि गळतीला पडणारा वेगळा. गळतीवाल्याला मोटर किती ओढते याच्याशी काही देणंघेणं नाही. गेलेलं परत आलं की नाही एवढंच तो बघतो. तो सकाळपासून तिसऱ्यांदा ओरडून सांगत होता की या घरात काहीतरी परत येत नाहीये. आणि ज्याला त्याची भाषा येते असा घरातला एकमेव माणूस दुसरीकडे टाळ्या वाजवत होता. नीलेशच्या कपाळावर घाम आला, समोर कूलर चालू असून आला. आपण मूर्ख आहोत असं त्याला वाटलं नाही. मूर्ख असण्यात एक प्रकारची सोय असते, ती त्याला मिळाली नाही. त्याला भीती वाटली. इतकी वर्षं आपण जे जे खात्रीने बोललो ते कुणाकुणाच्या अंगातून गेलं असेल, अशी ती भीती होती.

तेव्हाच बाहेरून आवाज आला. मागच्या अंगणातला नळ सुटल्याचा, आणि मग प्लास्टिकच्या नळीचं तोंड पत्र्यावर घासल्याचा. कूलर खिडकीत बसवलेला होता, त्याचं तोंड घरात आणि पाठ अंगणात. पाणी मागून भरावं लागायचं. दुपारचं जेवण झालं की आबा ते भरत. चप्पल तर इथे होती, खोलीत. म्हणजे आबा तिकडे अनवाणी होते. धुतलेल्या ओल्या फरशीवर, एका हातात गळकी नळी, आणि दुसऱ्या हाताने ते कूलरचा वरचा काठ धरत, नेहमी धरत, कारण गुडघे दुखायचे आणि आधार लागायचा.

आबांचं नाव उखर्डू. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून हे जन्मले तेव्हा त्यांच्या आईने त्यांना सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीने उचलून परत आणून दिलं. हे पोर आमचं नाही, उकिरड्यावर सापडलेला कचरा आहे, याच्याकडे कोणी बघू नये, असं मरणाला सांगायची ती रीत. मरणाने ऐकलं. आबांनी ते नाव आयुष्यभर उन्हातल्या उपरण्यासारखं वापरलं. विहिरीत मोटर अडकली की आधी हे उतरणार, स्टार्टरला ओल्या हाताने बडवणार, केळीच्या बागेत तार तुटून पडली तर सुकी काठी घेऊन हेच पुढे. "मले काय व्हतं? मी उखर्डू." लहानपणी नीलेशला याचा केवढा अभिमान वाटायचा आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून केवढी लाज. असं मरण फसत नाही आबा, असं त्याने एका सुट्टीत फळ्यावर लिहिल्यासारखं समजावलं होतं. हृदयातून किती वीज गेली की काय होतं ते आकड्यांत सांगितलं होतं. आबा ऐकून म्हणाले होते, "बरं झालं बाप्पा, तू शिकला. आता तू सांगशीन तसं." आणि खरंच, त्या दिवसापासून विजेच्या बाबतीत त्यांनी स्वतःचं डोकं चालवणं बंद केलं. आई गेल्यावर बाग चुलतभावाकडे, चुडामणकडे सोपवून ते धुळ्याला आले तेही हेच म्हणत आले, तू सांगशीन तसं.

हे सगळं आठवायला वेळ लागत नाही. नळी पत्र्यावर अजून एकदाच घासली होती. तो उठला की पडला की धावला, हे नंतर त्याला सांगता आलं नाही. पॅसेजमधल्या बोर्डाचं झाकण भिंतीवर आपटल्याचा आवाज त्याला ऐकू आला आणि मेन स्विच खाली ओढणारा हात त्याला दिसला, तोच हात, मघाचा, परका. सगळं थांबलं. पंखा, फ्रिज, कूलर. घर इतकं शांत झालं की अंगणात कूलरच्या टाकीत पडणारी धार ऐकू यायला लागली. आणि मग आबांचा आवाज आला, अगदी रोजचा.

"लाइट गेली काय रे?"

तो तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि रडला. मोठ्याने नाही, पण भूमिका उठून बाहेर येईपर्यंत ते थांबलं नाही. तिने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. "काय झालं? अहो, कुणाचा फोन आला?" तिने विचारलं. उभं राहून त्याने बोर्डाची मागची पट्टी खोलली. गळतीचा स्विच जागेवर होता, स्वच्छ, मानाने बसलेला, आणि त्याच्या शेजारून नव्या वायरींची एक जोडी त्याला वळसा घालून पुढे गेली होती. काम व्यवस्थित केलं होतं. स्विचला घरातल्या विजेतलं काहीही कळू नये, याची पूर्ण काळजी घेतली होती.

"हे कुणी केलं?"

"प्रेमराजभाऊंनी," भूमिका म्हणाली. "स्विच सारखा पडायचा. मयुरी उकाड्याने रडायची. तुम्हीच म्हणालात फॉल्ट नाही. मग आबांनी त्यांना बोलावून सांगितलं, हा विनाकारण पडतो, काढून टाका."

त्याने प्रेमराजला फोन लावला. कशासाठी, ते त्याला माहीत नव्हतं. कोणावर तरी ओरडायचं असावं. प्रेमराज पारोळ्याकडचा, गल्लीतल्या सगळ्या घरांचं वायरिंग त्याच्याच हातचं. तो जेवत होता. "साहेब, मी तं नहीच म्हनत व्हतू," तो म्हणाला. "पन आबा म्हने, मना पोऱ्या इतला मोठा इंजिनेर शे, तो सांगस फॉल्ट नही, ते खोटं कसं व्हई? मंग मी काय बोलू? तुमना पुढे आमनं काय चालस, साहेब?" नीलेशने फोन ठेवला. ओरडायला जागाच उरली नव्हती.

आबा पाय पुसत आत आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. नीलेशने त्यांचा उजवा हात धरला आणि उलटसुलट करून पाहिला. काय शोधतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. "आबा, कूलर करंट मारतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"हाओ," आबा म्हणाले. "कधी मारतो, कधी नही. म्हणून त मी रोज पाह्यतो. सकायी उठलो का उलटा हात लावून पाह्यतो. मारू राह्यला त सांगतो मंग यायले, चप्पल घाला म्हणून."

उलटा हात. नीलेशने ते रोज पाहिलं होतं. सकाळी चहाच्या आधी आबा कूलरपाशी जात आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी हाताची उलटी बाजू पत्र्याला लावत. त्याला वाटायचं, गार झालाय का बघतात. सुलटा हात लावला तर विजेने मूठ आवळते आणि सुटत नाही, हे आबांना विहिरीवरच्या मोटरीने शिकवलं होतं. म्हणजे बोर्डातला स्विच निकामी केला त्या दिवसापासून घरात दुसरा बसला होता, आणि तो हा होता, सत्तरी उलटलेला, गुडघे दुखणारा. रोज सकाळी सुनेसाठी आणि नातीसाठी तो स्वतःच्या अंगातून वीज जाऊ देत होता आणि मग चहा पीत होता.

"मला का नाही सांगितलं?" त्याने विचारलं, आणि विचारताना आवाज चढला. "रोज शॉक बसतोय आणि मला सांगायचं नाही? मी याच कामाचा पगार घेतो ना, आबा?"

"तुले काय सांगू?" आबा खरोखरच गोंधळले. "तू त म्हणला होता ना, काही नही. सूनबाईनं इचारलं, तू म्हणला, फॉल्ट नही. मंग कूलरले काही नही, त मले वाटलं, हे माह्या हातातच काही बिघडलं असन. या वयात व्हतं असं. म्हणून त दाखोलं डॉक्टरले. त्याले सांगतलं, हाताले झिणझिण्या येतात, कोपरापर्यंत. त्यानं गोया लिहून देल्या. तूच त आणतो."

लाल कॅप्सूल. तीच आणायचा तो, दर वेळी, घरी येता येता, गोळ्यांची पट्टी संपली की आबा आठवण करायचे. नसांची ताकद वाढते म्हणे, दुकानदार म्हणाला होता. आबांचं वय झालं आता, असं त्याला त्या वेळी वाटलं होतं आणि थोडं वाईटही वाटलं होतं. भूमिका भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर तोंडावर धरला.

दुपार कलेपर्यंत त्याने सगळं केलं. कूलर मागून उघडला. पाण्याच्या पंपाची वायर पत्र्याच्या धारेला घासून उघडी पडली होती, तिथे हिरवट डाग होता. वायर बदलली. अर्थिंगची पिन कधीच तुटलेली होती, नवी लावली. बोर्डातला वळसा कापून टाकला, गळतीचा स्विच पुन्हा कामाला जोडला आणि टीचं बटन दाबून पाहिलं. तो खटकन पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला. तो आवाज त्याला ऐकत राहावासा वाटला. मग मेन चालू केला, कूलर चालू केला, मीटरची एक पिन पत्र्याला आणि एक जमिनीला लावली. शून्य. जागा बदलून लावली. शून्य. मयुरी उठून दारात उभी होती, तिला भूमिकाने खांद्याला घट्ट धरून ठेवलं होतं. आबा दिवाणावरून उठले आणि सवयीने हाताची उलटी बाजू पुढे करत कूलरकडे निघाले.

"नको, आबा. मी बघितलंय. आता नाही मारणार."

आबा थांबले. "पक्कं?"

"पक्कं," तो म्हणाला, आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्याच्या छातीत धस्स झालं.

"मंग झालं," आबा म्हणाले. त्यांनी हात उलटा होता तो सुलटा केला आणि पुरा तळवा, पाचही बोटं, पत्र्यावर ठेवला.

नीलेशने झेप घेऊन त्यांचं मनगट पकडलं होतं. मीटर हातातून पडला होता. दोघे तसेच उभे राहिले, आबांचा तळवा कूलरवर आणि त्याची मूठ आबांच्या मनगटावर, आणि कूलर घरघरत होता, पत्रा थंड होता, आणि काहीही होत नव्हतं. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"काहीच नही लागत रे," ते म्हणाले. "एकदम बरा झाला हात. मंग त्या गोया बंद करू का?"

नीलेशला उत्तर येत होतं. ओठावर होतं. हो, करा बंद, काही नाही तुमच्या हाताला. त्याने आबांचं मनगट सोडलं नाही. भूमिका बघत होती, पोर बघत होती, आणि आबा वाट बघत होते, तो सांगेल तसं करायला.

"मला नाही माहीत, आबा," तो म्हणाला. "उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो तुमच्याबरोबर."